दाणा बंद

पंचफुला गेली त्याला पंधरा दिवस झाले होते, आणि तेवढ्या दिवसांत तिच्या आईनं भाकरीचा तुकडा तोंडात घातला नव्हता. कलाबाई पाणी प्यायची. कुणी फारच धरलं तर ताकाचा घोट घ्यायची. ताट पुढं आलं की हात पदराखाली घेऊन बसायची. शेजारणी सांगून थकल्या, मीही थकलो. शेवटी एका सकाळी माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "माह्या हातच्या भाकरीनं पोरगी गेली. आता थेच भाकर मी कोन्या तोंडानं खाऊ?"

तिनं पंचफुलाला अर्धी भाकर दिली होती, हे खरं. पथ्याचा अकरावा दिवस होता, मी घरी नव्हतो. पोर चुलीजवळ बसून वासानंच रडायला लागली, म्हणून आईनं तव्यावरची अर्धी मोडून मीठ लावून दिली. चौदाव्या दिवशी पंचफुला गेली. पथ्य देणारे उत्तमराव मास्तर मातीला आले, तेव्हा चार माणसांत त्यांनी हळूच विचारलं, "मध्ये दाणा गेला होता का पोटात?" कलाबाई हो म्हणाली. मास्तरांनी फक्त मान हलवली. त्या मान हलवण्यापायी माझी बायको आता मरायला बसली होती.

भाकरीनं मेली की नाही, एवढंच मला शोधायचं होतं.

मास्तर भोंदू नव्हते, हे आधीच सांगतो. कुणाकडून पैसा घेत नसत. डोणगावकडचे, शाळेतून निवृत्त होऊन आमच्या वरवटला बहिणीच्या घरी येऊन राहिलेले. त्रेसष्ट साली गावोगाव प्रौढांचे वर्ग निघाले तेव्हा आमच्या वस्तीत यायला दुसरा मास्तर तयार नव्हता. हे आले. मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो. जन्मभर कापूस वेचून बोटं अशी झाली होती की पेन्सिल धरली की मोडायची. मास्तरांनी माझा हात हातात धरून 'माणिक' लिहवलं. पुढं माझं अक्षर त्यांच्यापेक्षा बरं झालं. त्यांच्या हाताला कंप होता.

त्यांना पूर्वी पोटाचा जुना आजार होता. डॉक्टर झाले, वैद्य झाले, गुण आला नाही. मग त्यांनी स्वतःच दाणा सोडला आणि ते बरे झाले. ते सांगायचे, "पोटात एक चूल आहे. दाणा म्हणजे ओलं लाकूड. धूर होतो, जाळ होत नाही. तो धूर अंगात साठतो, त्याला आपण नावं देतो. कुणी दमा म्हणतो, कुणी साखर म्हणतो." रेशनवर तेव्हा परदेशी लाल ज्वारी मिळायची, ती खाऊन लोकांची पोटं बिघडलेलीच होती. बोलणं पटायचं.

छप्पन साली आम्ही धर्म बदलला, घरातले देव नदीला दिले. अंगारा देणारा कुणी आला असता तर मी त्याला ओट्यावर चढू दिलं नसतं. मास्तरांकडं मंत्र नव्हता, गंडा नव्हता, फोटो नव्हता. ते म्हणायचे, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. वही वाचा."

ती वही मी लिहायचो. रीत अशी होती. आजारी माणूस आला की त्याला चिठ्ठी द्यायची. चिठ्ठीवर असायचं: दाणा बंद. मीठ बंद. गूळ बंद. सकाळी कडुनिंबाचा रस, दुपारी ताक, सांजेला उकडलेला पाला. बेचाळीस दिवस. मुदत पूर्ण करून जो बरा होई त्यानं मास्तरांच्या घरी यायचं, त्यांच्या बहिणीच्या हातची ज्वारीची भाकर मोडायची आणि वहीत नाव, गाव, आजार लिहवून जायचं. भाकर मोडताना काही लोक रडायचे. मीही लिहिता लिहिता डोळे पुसायचो. माझ्या हातची एकशे सदतीस नावं त्या वहीत झाली होती.

पंचफुला वीस वर्षांची. लग्नाला दोन वर्षं झाली होती. सासरी तिला तहान लागायला लागली. रात्री घागर संपवायची, आणि अंगावरचं मांस दिसेनासं होत चाललं. मी हंगामात खामगावला कापसाच्या जिनात कामाला जायचो, तिथल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले साखरेचा आजार, आणि सकाळ-संध्याकाळ सुई जन्मभर. महिन्याभरात पोर अंगानं भरली. स्वतःच सुई अन् काचेची पिचकारी उकळायची, स्वतःच मांडीत टोचून घ्यायची. औषधाची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून रांजणाखाली ठेवायची. पण सासरच्यांना ती सुई बघवेना. जावई पंजाबराव वाईट नव्हता, त्याची आई म्हणाली, सुई सुटल्यावर धाडा. म्हणून ती माहेरी होती.

सुई सुटावी असं सगळ्यांत जास्त पंचफुलालाच वाटत होतं. एक दिवस मला म्हणाली, "बाबा, तुमच्या वहीत माह्यासारखं कोनी हाये का?"

मी वही आणली आणि तिच्या शेजारी बसून वाचून दाखवलं. साखरेचे तीन होते. महादेवराव, सोजराबाई आणि एक आकोटकडचा माणूस. तिघांपुढं 'बरे' असं लिहिलेलं. ती म्हणाली, "मंग होते."

डॉक्टरांनी लघवी तपासायला निळं औषध दिलं होतं. नळीत त्या औषधावर लघवीचे आठ थेंब टाकून तापवायचं, साखर असली तर विटकरी रंग येतो. पथ्याच्या चौथ्या दिवशी विटकरीचा पिवळा झाला, सहाव्या दिवशी हिरवा. आम्ही ती नळी घेऊन मास्तरांकडं धावलो. मास्तरांनी ती उजेडात धरली आणि म्हणाले, "बघा. मी सांगत नाही, नळी सांगते." सातव्या दिवशी सुई बंद केली. पुढं ती ओकायला लागली, तर मास्तर म्हणाले, साठलेला धूर निघतोय. तिच्या श्वासाला पिकून नासलेल्या फळासारखा वास यायला लागला. चौदाव्या दिवशी तिचा श्वास भात्यासारखा चालला होता. मी बैलगाडी जुंपून शेगावच्या रस्त्याला लागलो. निम्म्या वाटेत तिनं मान टाकली.

मग हे पंधरा दिवस.

मी आधी खामगावला गेलो. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं रागावतील. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हिरवा रंग येणारच होता," ते म्हणाले. "पोटात काही गेलं नाही तर लघवीत साखर येईल कुठून? पण सुई बंद झाली की शरीर आपलीच चरबी जाळत सुटतं, त्याचं विष रक्तात साठतं. ते या निळ्या औषधाला दिसत नाही. तो वास त्याचा होता."

मी म्हणालो, "मास्तरांच्या पथ्यानं साखर कमी झाली, हे तर खरं ना?"

"खरं आहे. सुई निघायच्या आधी आम्ही डॉक्टर लोकसुद्धा हेच करत होतो. पोरांना उपाशी ठेवायचं. काही महिने जास्त जगायची, हाडांचा सापळा होऊन मरायची. तुमच्या मास्तरांनी काही नवीन शोधलेलं नाही. करून बघितलेलं आणि टाकून दिलेलं आहे ते."

"अन् अर्धी भाकर?"

"अर्ध्या भाकरीनं कोणी मरत नाही. तिच्याबरोबर सुई दिली असती तर आज ती जिवंत असती."

घरी येऊन मी हे कलाबाईला सांगितलं. ती भिंतीला टेकून होती. म्हणाली, "डॉक्टर त्याच्या सुईचंच सांगन. वहीत एवढी मानसं बरी झाली, थे सारी खोटी काय? त्याईनं दाणा खाल्ला नोता. म्या देल्ला." तिच्या गळ्याच्या शिरा मोजता येत होत्या.

तिला डॉक्टरचं पटणार नव्हतं, वहीचंच पटणार होतं. म्हणून मी वहीतली माणसं बघायला निघालो.

महादेवराव गावातलेच, तेलाचे व्यापारी, साठीचे. गादीवर बसले होते. मी ओट्याखाली उभा राहिलो.

"थो मास्तरचा वही लिहिनारा ना बे तू?" ते म्हणाले. "बराबर लिहिलं होतं तू. साखर गेली माही. पोटबी गेलं, पाह्य."

"सुई किती दिवस घेत होते जी तुमी?"

"कायची सुई? मले सुई कधीच नोती. डॉक्टर म्हने, शेठ, खाणं कमी करा. त्याचं आयकलं नाही, मास्तरचं आयकलं. मास्तर फुकट सांगते ना." हसले. मग हसू आवरून म्हणाले, "तुह्या पोरीचं आयकलं म्या. अगोदरच लाकडासारखी वाळलेली होती म्हंतात. तिले आनखी वाळवलं तुमी?"

लठ्ठ म्हाताऱ्याचा आजार आणि माझ्या पोरीचा आजार, दोन्हींपुढं मी एकच शब्द लिहिला होता.

सोजराबाईचं गाव तीन कोसांवर. तिचा मुलगा पुंजाजी गोठ्यात होता.

"बुढी आषाढात गेली," तो म्हणाला.

"वहीत तर बरी लिहिली हाये."

"लिहिलं थे खोटं नाही. भाकर मोडली तवा चालत आल्ती ना थे. मंग दोन महिन्यानं पाय सडला, त्यातच गेली."

"मास्तरले कळवलं नाही काऊन?"

पुंजाजी माझ्याकडं वेड्याकडं बघावं तसं बघत राहिला. "कायले कळवू? तिथं बरे झालेले जातात. मेलेल्याले थोडीच भाकर मोडाची असते."

आकोटकडच्या माणसाचा पत्ता लागला नाही. परत येताना डोक्यात एक हिशेब सुरू झाला, तो माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला करताच आला नसता. चिठ्ठ्यांचे कागद मी कापायचो. एका दस्त्यात चोवीस ताव, एका तावाच्या आठ चिठ्ठ्या. दोन दस्ते संपले होते आणि तिसरा निम्मा. म्हणजे चिठ्ठ्या गेल्या जवळपास पावणेपाचशे, आणि नावं एकशे सदतीस. साडेतीनशेच्या आसपास माणसं मास्तरांच्या ओट्यावरून चिठ्ठी घेऊन गेली ती गेलीच. मी त्यांच्याबद्दल कधी विचार केला नव्हता. वहीत त्यांना पानच नव्हतं.

मास्तरांकडं गेलो. ते अंगणात पाला निवडत बसले होते. मी सगळं सांगितलं. सोजराबाईचं ऐकून त्यांचा हात थांबला.

"बाकीच्यांनी मध्येच सोडलं असेल," ते म्हणाले.

"मेले असतील तर?"

"तर नियम मोडला असेल कुठंतरी. नियम पाळणारा मरत नाही, माणिकराव."

"हे कायवरून म्हंता गुरुजी?"

"वहीवरून."

ते मनापासून बोलत होते. मला तेव्हा कळलं की या माणसासमोर किती माणसं मेली तरी एकही त्याला काही सांगू शकणार नाही. मेला तो नियम मोडणारा, जगला तो पाळणारा. मी उठलो. निघताना त्यांनी विचारलं, "उद्या चिठ्ठ्या लिहायला याल ना?" मी नाही म्हणालो. पुढं दोन वर्षं दुसऱ्या कुणीतरी लिहिल्या.

आता मला असा माणूस हवा होता ज्याला सुई होती, ज्यानं पथ्य केलं आणि एक दाणाही खाल्ला नाही. मी आठवत बसलो. चिठ्ठी लिहिताना प्रत्येकाचं तोंड बघत नव्हतो, पण एक आठवला. मागच्या उन्हाळ्यात पातुर्ड्याकडून आमच्यातलाच एक जण पोरीसाठी चिठ्ठी घेऊन गेला होता. पोरीला सुई आहे म्हणाला होता. तो परत आला नव्हता.

सकाळी निघालो, दुपारी पोचलो. नवरा मजुरीला गेला होता. बाई घरी होती, केसरबाई तिचं नाव. मी जय भीम केला, पाणी प्यालो, आणि मास्तरांचं नाव काढलं. ती उठून आत गेली. आढ्याच्या बांबूत खोचलेला कागद काढून आणला आणि माझ्या हातात दिला.

"मले वाचता येत नाही," ती म्हणाली. "तुमीच लिहिली का जी?"

"हो."

"अक्षर चांगलं हाये."

तिची लेक सोळा वर्षांची होती. दहाव्या दिवशी सुई बंद केली, सतराव्या दिवशी ती गेली.

मी विचारलं, "मधात काही खाल्लं होतं का तिनं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "बजारात भेटले तवा मास्तरनंबी हेच इचारलं होतं माह्या मालकाले. म्हने चोरून खाल्लं असन. जी, म्या कोठीतली जवारी उचलून लहान्या देराच्या घरी, देरानीकडं नेऊन ठेवली होती. घरात दाणा नोता. आमीबी तिच्यासंगं पालाच खाल्ला, तिले वास येऊ नये म्हनून. पन मास्तर म्हनले तवा मले वाटलं, देरानीकडं जाऊन खाल्लं असन हिनं. देरानीशी भांडली मी. मेलेल्या पोरीवर आळ घेतला." तिनं चिठ्ठी माझ्या हातातून परत घेतली. "आठ महिने झाले, आमी दोघी बोलत नाही."

कलाबाईनं एकवीस दिवस दाणा तोंडात घातला नाही, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, मी येते. मी म्हणालो, उद्याच चला. ती म्हणाली, आजच निघू, एकवीस दिवस काय लहान असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या घरात कलाबाईसमोर बसली. मी दाराशी बसलो. दोघी पहिल्यांदा एकमेकींना बघत होत्या. केसरबाईनं जे मला सांगितलं तेच पुन्हा सांगितलं. कलाबाई डोळे मिटून ऐकत होती.

"एकबी दाणा नाही?" कलाबाईनं विचारलं.

"एकबी नाही."

"मीठ?"

"मीठबी नाही."

"मंग कितव्या दिशी गेली?"

"सतराव्या."

"सुई कवा सोडली होती?"

"धाव्या."

कलाबाईनं डोळे उघडले. पदराखालचे हात बाहेर काढले आणि अंगठ्यानं बोटांची पेरं मोजायला लागली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, मी कितीदा बोलावूनही ती वर्गाला आली नव्हती. एकदा मोजलं, मग पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"माहीची सुई सातव्या दिशी सुटली," ती म्हणाली. "चौदाव्या दिशी गेली. सात दिवस. तुहीचे बी सातच."

"हो."

"माहीनं भाकर खाल्ली. तुहीनं नाही खाल्ली."

"नाही खाल्ली."

"अन् दोघीचे सातच दिवस."

जे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, जे मी चार गावं हिंडून गोळा केलं होतं, ते तिनं भिंतीला टेकून बोटांवर काढलं. केसरबाईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण ती हलली नाही. कलाबाई रडली नाही. तिचं तोंड हळूहळू माझ्याकडं वळलं. हे माझ्यावर येणार, हे मला पातुर्ड्याच्या वाटेवरच कळलं होतं. वाटेत एकदा मी थांबलोही होतो.

"थे तीन नावं तुमीच तिले वाचून दाखवली होती," ती म्हणाली.

"हो."

"जाऊन पाह्यलं होतं का अगोदर? थे जिते हायेत का मेले, त्याईले सुई होती का नोती?"

"नाही."

"दूर होते काय?"

"महादेवराव गावातच राह्यतात."

तिनं मान हलवली. मग ती केसरबाईला म्हणाली, "माय, चूल पेटव व. माह्या हाताले जोर नाही."

केसरबाईनं ज्वारीचं पीठ मळलं, भाकरी थापल्या. दोघींनी एका ताटात मीठ-मिरची घेऊन खाल्लं. कलाबाईला पहिला घास गिळायला फार वेळ लागला. केसरबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. मला कुणी हाक मारली नाही, आणि मीही आत गेलो नाही.

कलाबाई त्यानंतर सव्वीस वर्षं जगली. माझ्याशी वागायला वाईट नव्हती. आजारपणं काढली, भांडली, कधी हसलीसुद्धा. पण घरी पोस्टाचं पत्र आलं, रेशनचा कागद आला, दवाखान्याची चिठ्ठी आली, की मी समोर बसलेला असलो तरी ती कागद उचलायची आणि शेजारच्या विमलबाईच्या सुनेकडून वाचून घ्यायची. सुनेनं वाचलं की विचारायची, "हे कोनं लिहिलं? त्यानं सोता पाह्यलं का?"